वस्ताद जाणार म्हणे!

एका डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या जंगलात एक साळुंकी राहत असे. एरवी ती गरीब स्वभावाची, आपण बरे नि आपले घरटे बरे अशी. पण जंगलाच्या चेंडूसंघाचा विषय निघाला, की तिच्या अंगात वारे शिरे. खेळ मोठा मजेदार होता बरं का, मुलांनो! वेली वळून केलेला चेंडू पायांनी ढकलत न्यायचा आणि समोरच्या दोन सागांच्या मधून पार करायचा. तोंडात धरला किंवा हातात उचलला, की बाद. माकडांना हे काही केल्या जमेना, म्हणून संघात माकड नव्हते.

संघाचा कप्तान होता एक ससा आणि संघाला शिकवायला होता एक म्हातारा गवा. त्याला सगळे आदराने 'वस्ताद' म्हणत. वस्ताद बोलत कमी आणि पळवत जास्त. कोणी छान खेळले तरी ते नुसते "हं" म्हणत, आणि ते "हं" ऐकायला खेळाडू जीव टाकत. दरसाल या संघाचा नदीपलीकडच्या जंगलाशी सामना होई. सपाट मैदान पलीकडेच होते, त्यामुळे जायचे यांनाच. जायचे, हरायचे आणि यायचे, असे कित्येक वर्षे चालले होते. गेल्या साली तर इतके गोल खाल्ले, की मोजायला बसलेला बगळा मध्येच कंटाळून मासे धरायला गेला. तरी साळुंकीची आशा काही सुटत नव्हती. या वर्षी ससा जोरात होता, संघातली हरणांची पाडसे तयार झाली होती, आणि वस्ताद तर होतेच होते.

पण सामना जवळ आला आणि साळुंकीला एक गोष्ट दिसली. वस्ताद रोज पहाटे एकटेच नदीकडे जात, आणि सरावाच्या वेळेला परत येत तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले असत. साळुंकी विचारात पडली. नदीपलीकडे कोण राहते? ज्यांच्याशी सामना, तेच ते! तिने मनातली शंका खारीच्या कानात सांगितली, आणि वर बजावले, "कुणाला बोलू नकोस हं!"

खार कसली गप्प बसते! दुपारी जांभळीखाली रोजची मंडळी जमली, तोवर बातमीला चांगलेच तिखटमीठ लागले होते.

"वस्ताद जाणार म्हणे!" खार म्हणाली. "पलीकडच्यांनी बोलावलंय त्यांना. नदीकाठचं अख्खं हिरवं कुरण देणार आहेत."

"मला वाटलंच होतं," मोर मान वर करून म्हणाला. वास्तविक त्याला काहीएक वाटले नव्हते. "परवा माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे कसे परक्यासारखे होते."

"जाऊ देत की!" साळिंदर फणकारले. "इतकी वर्षं शिकवलं, पण एकदा तरी जिंकलो का आपण?"

"असं बोलू नका हो," साळुंकी कळवळून म्हणाली. "वस्तादांसारखं कोण शिकवणार?"

झाले! तिने विचारले ते दुःखाने, पण मंडळींना तेवढेच निमित्त पुरले. कोण शिकवणार, यावर वादाला नुसता ऊत आला. साळिंदर म्हणाले, वाघाला आणा, त्याच्या धाकाने सगळे वाऱ्यासारखे पळतील. "पळतील, पण मैदानाबाहेर," खार म्हणाली. "आणि रोज एक खेळाडू कमी होईल तो वेगळाच." मोराने उंटाचे नाव काढले. उंट कोणीच पाहिलेला नव्हता, पण तो लांब राहतो म्हणजे हुशारच असणार, असे मोराचे म्हणणे पडले. मग कासवाचे नाव निघाले आणि हसण्यावारी गेले. शेवटी सगळे कोल्ह्यावर येऊन थांबले. कोल्हा डावपेचात तरबेज आणि बोलण्यात तर त्याचा हात धरणारे कोणी नव्हते.

"विचारून ठेवायला काय जातंय?" असे म्हणत मोर लगेच कोल्ह्याकडे गेलासुद्धा.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मंडळी जमली होती, त्यांतल्या एकाने तरी उठून वस्तादांनाच का विचारले नाही? मैदान काही लांब नव्हते. साळुंकी तर दोनदा तिथवर जाऊन आली. वस्तादांच्या शिंगाजवळच्या फांदीवर ती बसली, चोच उघडली, आणि "आज ऊन फार आहे नाही?" एवढेच बोलून परत आली. ते "हो, जाणार" म्हणाले तर काय करायचे, हीच तिला भीती होती. खरे उत्तर ऐकण्यापेक्षा जांभळीखाली बसून दहा जणांचे अंदाज ऐकणे तिला सोपे वाटले.

त्या जंगलात निरोपाची एक जुनी रीत होती. जाणाऱ्याला तोंडाने "या आता" म्हणायचे नाही. त्याच्या बसायच्या जागी प्रत्येकाने पळसाचे एकेक पान ठेवायचे. जाणाऱ्याने ती पाने बघायची आणि निघायचे, निघाल्यावर मागे वळायचे नाही. सामन्याच्या आदल्या सकाळी वस्ताद नदीकडे गेलेले होते, तेव्हा साळुंकीच्या मनात आले, की ते असेच गुपचूप गेले, तर आपला त्यांच्यावर किती जीव होता हे त्यांना कधीच कळायचे नाही. तिने पळसाचे एक कोवळे पान खुडले आणि वस्ताद बसत त्या खडकावर नेऊन ठेवले. पान बघून कदाचित त्यांचे मन विरघळेल आणि ते थांबतील, असेही तिला वाटले.

ते पान खारीने पाहिले. तिला वाटले, ठरले म्हणजे! तिनेही एक पान ठेवले. मग साळिंदराने ठेवले, मोराने दोन ठेवली, मागोमाग सगळे जंगल आले. संघातली पाडसे रडत रडत पान ठेवून गेली. सूर्य वर आला तेव्हा खडक पानांनी झाकून गेला होता.

वस्ताद परत आले आणि खडकापाशी थबकले. त्यांनी पानांचा तो ढीग पाहिला, झाडाझाडांवर बसलेली मंडळी पाहिली. कोणी काही बोलेना, कारण बोलायची रीत नव्हती. वस्तादांनी एक मोठा सुस्कारा सोडला, मान खाली घातली आणि आल्या वाटेने नदीकडे निघून गेले. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिले नाही.

"बघा!" खार म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं?"

साळुंकीला मात्र रडू आवरेना. आपला अंदाज खरा ठरला, तरी तिला जराही आनंद झाला नाही.

दुपारी कोल्हा आला. त्याने शेपटी झटकली आणि खेळाडूंना सावलीत बसवून भाषणाला सुरुवात केली. चेंडू म्हणजे काय, विजय म्हणजे काय, आपण स्वतः किती थोर, असे तो बोलतच राहिला. पाडसे पेंगायला लागली. ऊन कलले तरी चेंडू जागचा हलला नव्हता.

"आपण पळायचं कधी?" सशाने शेवटी विचारले.

"पळतात ते मूर्ख," कोल्हा म्हणाला. "डाव डोक्यात हवेत, पायांत नव्हे."

ससा उठून साळुंकीपाशी आला. त्याचे लांब कान पार खाली पडले होते. तो म्हणाला, "साळुंकीताई, वस्ताद का गेले गं? काल संध्याकाळी तर मला म्हणाले, उद्या तुला डाव्या पायाचा फटका दाखवतो. जाणारा असं म्हणेल का?"

 साळुंकी उडाली, ती थेट वस्तादांच्या खुरांच्या खुणांवरून नदीकडे. नदी दिसली मात्र, आणि तिचे पंखच थिजले. या काठापासून पाण्यात मोठमोठे चपटे दगड ओळीने मांडलेले होते. एकामागून एक, सशाची उडी पुरेल इतक्या अंतरावर. दगडांची ती वाट पार पलीकडच्या काठापर्यंत पोचत आली होती. आणि तिच्या टोकाशी, छातीभर पाण्यात उभे राहून, वस्ताद कपाळाने शेवटचा दगड रेटत होते. निरोप मिळालेला होता, तरी हातचे काम त्यांनी टाकले नव्हते.

साळुंकीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेल्या वर्षी पोहत पलीकडे जाताना चिल्लीपिल्ली सगळी भिजून चिंब झाली होती. कुडकुडत खेळली आणि अंगात ऊब यायच्या आत सामना हातचा गेला होता. जांभळीखाली त्यावर वर्षभर चर्चा झाली, पण भिजल्यामुळे हरलो, हे कोणाच्या डोक्यातसुद्धा आले नव्हते. वस्तादांच्या आले होते.

वस्ताद मागे वळणार नव्हते, म्हणून साळुंकीच पुढे जाऊन त्या शेवटच्या दगडावर बसली.

"वस्ताद, चुकलं माझं!" ती हुंदके देत म्हणाली. "पहिलं पान मी ठेवलं. मला वाटलं, तुम्हीच आम्हाला सोडून पलीकडे चाललात."

वस्तादांनी दगडावरचे कपाळ उचलले. मग म्हणाले, "आणि मला वाटलं, तुम्हाला नवा वस्ताद हवाय. अख्ख्या जंगलाची पानं होती ती. पाडसांचीसुद्धा." बोलता बोलता त्यांनी खुराने दगडाखालची वाळू दाबली. "मला नुसतं विचारायचंस ना गं, पोरी."

"तुम्ही हो म्हणाला असतात तर?"

वस्तादांना यावर हसावे की रडावे ते कळेना. "माझंही चुकलंच," ते म्हणाले. "दगडांचं काम झालं की दिसेल सगळ्यांना, असं म्हणून मी गप्प राहिलो. एक शब्द टाकला असता तर एवढं रामायण घडलं नसतं. पण आता निरोप घेऊन निघालोय. रीत आहे, मागे वळता यायचं नाही."

साळुंकीने डोळे पुसले. "तुम्ही वळूच नका!" ती एकदम ओरडली. "तुम्ही पलीकडे जाऊन थांबा. सामना तरी कुठं आहे? पलीकडेच ना? आम्ही सगळे तुमच्याकडे येतो!"

ती जंगलात परतली आणि जांभळीवर बसून तिने सगळी हकीकत सांगितली. स्वतःची चूक तर तिने सर्वांत आधी सांगितली. ऐकून खारीने तोंडावर शेपटी ओढली. साळिंदर पुटपुटले, की वस्ताद चांगलेच आहेत असे आपले पहिल्यापासून मत होते. कोल्हा म्हणाला, "मी नाहीतरी नकारच देणार होतो," आणि भाषण अर्धे टाकून निघून गेला. त्याला थांबवायला कोणी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळे जंगल नदीवर लोटले. पुढे ससा, मागे पाडसे, त्यांच्या मागे आजवर एकही सामना डोळ्यांनी न पाहिलेली मंडळी. सगळे टुणटुण उड्या मारत कोरड्या पायांनी पलीकडे गेले. काठावर वस्ताद उभे होते. पाडसांनी धावत जाऊन त्यांच्या पायांना अशी मिठी मारली, की त्यांना पाऊल उचलता येईना.

"पुरे, पुरे," वस्ताद म्हणाले. "ससोबा, डावा पाय पुढे घे. फटका शिकायचा राहिलाय."

त्या दिवशीचा सामना बघायला हवा होता तुम्ही! पलीकडच्यांनी दोन गोल केले, यांनीही दोन केले. दुसरा सशाने डाव्या पायाने मारला, तेव्हा साळुंकी इतकी ओरडली, की पुढे दोन दिवस तिचा घसा बसला होता. सामना बरोबरीत सुटला. दरसाल हरणाऱ्यांना ती बरोबरी केवढी गोड लागली म्हणून सांगू! आणि वस्ताद सशाकडे पाहून "हं" म्हणाले.

परत जाताना वस्तादांनी रीत मोडली नाही. ते सरळ पुढे चालत राहिले. डोंगरावर नदी उगम पावते तिथून फिरून, उलट्या बाजूने ते जंगलात शिरणार होते. वाट लांबची आणि चढणीची होती, पण दगडांवरून झटकन घरी जायला कोणी तयार होईना. सगळे त्यांच्याबरोबर चालू लागले.

चढणीवर वस्ताद जरासे लंगडू लागले. मोराने ते पाहिले आणि खारीच्या कानाशी लागला. "पाहिलंस? पुढच्या वर्षी काही हे राहत नाहीत."

खार साळुंकीकडे वळली. "ऐकलंस का गं? वस्ताद म्हणे..."

साळुंकीने पुढचे ऐकलेच नाही. ती भुर्रकन उडाली आणि वस्तादांच्या शिंगावर जाऊन बसली. भीती अजून होतीच, पण या वेळी तिने उन्हाचा विषय काढला नाही.

"वस्ताद, पुढच्या वर्षी तुम्ही आहात ना?"

"आहे," वस्ताद म्हणाले. "त्याच्या पुढचं मला माहीत नाही, गुडघे दुखतात आता. पण जायचं ठरलं, की सगळ्यांच्या आधी तुला सांगेन. आणि माझ्यामागे कोणाला आणायचं, ते आपण सगळे मिळून बघू."

साळुंकीचा जीव भांड्यात पडला. ती शिंगावरच बसून राहिली, आणि मागे मान वळवून, बसू लागलेल्या घशाने, अख्ख्या जंगलाला ऐकू जाईल अशी ओरडली, "पुढच्या वर्षी आहेत! मी विचारलं!"

तात्पर्य : ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्याविषयी दहा जणांत अंदाज बांधत बसू नये, उत्तराची भीती वाटली तरी सरळ त्याच्याजवळ जाऊन विचारावे.