कोंडाईची काव

घाटात डांबर नव्हतं, मोटारीचा आवाज कुणाच्या कानी पडला नव्हता, तेव्हाची, फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पिंपळखिंडीच्या डोंगरावर भैरोबाचं दगडी देऊळ आहे. कुणी बांधलं विचारा, गावातलं शेंबडं पोरही सांगेल, रायाजी पाटलांनी. अहो, पाटलांनी काय बांधलं? त्यांनी मिशीवरून हात फिरवत हुकूम सोडले! ओढ्यातला दगड वर नेला तो बैलांनी. त्यांची नावं एखाद्या पायरीवर कोरली आहेत का? नाहीत. म्हणून तर हे सांगावं लागतं.

पाटलांचा हुकूम असा, की घरटी एक बैल देवाच्या कामाला द्यायचा. देवाचं काम म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? होळीपासून पाऊस लागेपर्यंत बैलांनी दगडाचे गाडे घाटातून ओढले. जू बाभळीचं, जडशीळ. चढाला ते मानेत रुतायचं, कातडं सोलून निघायचं, वर माश्या घोंगावायच्या. आणि गाव काय करायचं? पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण करायचं. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि हात जोडून म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." पोळ्याला पुरणपोळी चारायची, आणि परवा पुन्हा त्याच जुवाखाली मान! वर्षभर सोलायचं नि एक दिवस गोंजारायचं, याला माया म्हणतात होय?

त्या गावात कोंडाई राहायची, म्हादू सुताराची बायको. म्हादू पटकीच्या साथीत गेला. पोटी पोर नव्हतं. मागे राहिला एक पांढरा बैल, चांद्या, आणि तोच तिचं लेकरू. पाऊस लागला तसा चांद्या कामावरून घरी आला, तो खांदा फुटलेला, जखमेत किडे पडलेले. त्याच्या मागोमाग पाटलांचा माणूस आला आणि दारातूनच ओरडला, "श्रावणात उघडीप झाली की काम सुरू. ह्यो जुवाखाली उभा ऱ्हायला न्हाई, तर पाटील त्याला बाजारात धाडनार हायेत." म्हातारा, फुटक्या खांद्याचा बैल बाजारात कोण घेतं, हे का सांगायला हवं? कसाई घेतो.

कोंडाई तडक पाटलांच्या ओसरीवर गेली. म्हणाली, "पाटील, बैल वाईट न्हाई, जू वाईट हाय. ते बदला."

पाटील हसले. "तुझ्याच दादल्यानं घडवलंय की गं ते, कोंडे."

ओसरीवरची सगळी टाळकी खदाखदा हसली. ते बोलणं तिच्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं.

पण ती रडत बसली नाही. कडुनिंबाच्या पाण्यानं तिनं चांद्याचा खांदा धुतला, किडे वेचले, करंजाचं तेल लावलं. मग नवऱ्याची सुतारकामाची हत्यारं, वाकस आणि पटाशी, माळ्यावरून खाली काढली. लगेच गावाची जीभ सुटली. "रांडमुंड बाईनं हत्यार धरलं, आता पाऊस पडायचा न्हाई." पाऊस असा पडला की ओढा वेशीला लागला.

आता बघा हं तिनं काय केलं. दाराची चौकट बसवताना सुतार सांध्याला ओली काव फासतात, तांबडी माती असते ती. लाकूड जिथं टेकतं तिथंच लाल डाग उमटतो, आणि तेवढंच तासायचं. म्हादूला तिनं हे करताना जन्मभर पाहिलं होतं. जुवाला कुणी कधी काव लावली नव्हती, बैलाच्या मानेची कुणाला पडली होती! कोंडाईनं जुवाच्या पोटाला काव फासली, त्याला दगड बांधला आणि ते स्वतःच्या मानेवर घेऊन परड्यात चालली. मग चोळी उतरवून बघितलं, तर चोळीवर रुपयाएवढे दोन डाग. एवढ्या थोरल्या जुवाचा सगळा भार तेवढ्याशा जागेवर!

डाग पडला तिथं तिनं जू तासलं. पुन्हा काव, पुन्हा दगड, पुन्हा चालणं. बाभूळ टाकून शिवणीचं लाकूड घेतलं, हलकं नि चिवट. जू रुंद केलं, आतून पसरट खोलगट केलं. एक बिघडलं, चुलीत घातलं. दुसरं बिघडलं, तेही चुलीत. गावातले लोक कुडावरून डोकावून म्हणायचे, "कोंडी बैल झाली रे!" असं म्हणतात, की त्या पावसाळ्यात तिच्या मानेमागं खरोखरच वशिंड उगवलं. शेवटी चांद्याचा खांदा भरून आला, तिनं नवं जू त्याच्यावर ठेवलं, आणि उचललं तेव्हा पांढऱ्या मानेवर तळहाताएवढा रुंद लाल पट्टा उमटला होता. कुठंच तुटलेला नव्हता.

श्रावणात उघडीप झाली. देवळाच्या उंबऱ्याचा सगळ्यात मोठा दगड गाड्यावर चढवला होता. नव्या जुवाला चांद्या आणि त्याचा जोडीदार जुंपले. असं म्हणतात, की चाबूक उगारावाच लागला नाही. घाटाच्या मधल्या वळणावर चांद्या आपणहून थांबला, निवांत रवंथ केला आणि पुन्हा चालू लागला.

आता शहाण्या गावानं काय करावं? तसली जुवं घडवून घ्यावीत, का नाही? छे! "चमत्कार झाला" म्हणून सगळे ओरडले. चांद्याच्या मानेवरचं जू काढलं, धुतलं, त्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि नेऊन ठेवलं गाभाऱ्यात! चांद्याच्या मानेवर पुन्हा बाभळीचं जुनं जू.

"अवो, ते पुजायला न्हाई, जुंपायला केलंय!" कोंडाई ओरडत राहिली. पुजारी म्हणाला, "देवाला वाहिलेलं परत मागतीस?" दुसरं घडवायला लाकूड मागितलं, तर पाटील म्हणाले, "तवर देवाचं काम थांबवू व्हय?" काय म्हणावं या डोक्यांना! चांगली गोष्ट मखरात बसवली की ती वापरायची कटकट मिटते. पोळ्याची अमावास्या यायच्या आत चांद्याचा खांदा पुन्हा फुटला, आणि त्याला बाजारात धाडायची बोली पुन्हा सुरू झाली.

खांदेमळणीची संध्याकाळ आली. उंबऱ्याचा दगड चढवणारा बैल म्हणून चांद्याचा मान पहिला. पाटील हळद-लोण्याची वाटी घेऊन त्याच्या जखमेवर हात ठेवणार, तोच कोंडाईनं त्यांचं मनगट धरलं.

"आधी हे," ती म्हणाली. चांद्याचं जुनं जू तिनं पुढं ओढलं आणि त्याच्या पोटाला काव फासली. "एका बाजूला तुमी, एका बाजूला मी. मागं गाडा रिकामा. मधल्या वळनापातुर चला. माझा बैल बाजारात धाडनार ना? मग त्याचा भार तरी बघा."

एवढ्या लोकांसमोर माघार कशी घ्यायची? पाटलांनी अंगरखा काढला. एका जुवाखाली गावचा पाटील आणि सुताराची विधवा, असे दोघं घाट चढू लागले. असं म्हणतात, की गावातला प्रत्येक बैल तेव्हा उठून उभा राहिला, आणि एकाच्याही गळ्यातली घंटा वाजली नाही. मधल्या वळणाशी पाटलांनी दोन्ही हातांनी जू मानेवरून उचलायला बघितलं. "थांब," ते म्हणाले.

कोंडाई म्हणाली, "चांद्याला थांब म्हनता आलं न्हाई, पाटील."

पण ती थांबली. जू उतरवलं, तर पाटलांच्या खांद्यावर रुपयाएवढा लाल डाग आणि त्याच्या मधोमध रक्त. तेवढ्यात चांद्या हळूहळू चढून वर आला आणि त्यांचा खांदा चाटू लागला. हो, त्यांचाच! तेव्हा पाटील तिथंच मातीत बसून लहान पोरासारखे रडले. जखम बरी झाली, पण डाग जन्मभर गेला नाही. असं म्हणतात, की त्या घराण्यात अजून पोर जन्मतं ते खांद्यावर लाल ठिपका घेऊन.

त्याच रात्री गाभाऱ्यातलं जू बाहेर निघालं. ते समोर ठेवून कोंडाईनं गावाला जुवं घडवायला शिकवलं, आणि प्रत्येक जुवाला काव लावून बघितल्याशिवाय देवळाचा दगड हलला नाही. चांद्याच्या मानेवर मात्र पुन्हा काही चढलं नाही. तो म्हातारा होऊन तिच्या दारातच मेला. त्यानंतर कोंडाई एकदा घाट चढून गेली ती पुन्हा कुणाला दिसली नाही. मधल्या वळणावरची माती तेव्हापासून तांबडी आहे, असं म्हणतात.

पिंपळखिंडीत आता बैल थोडे, ट्रॅक्टर फार. तरी खांदेमळणीच्या संध्याकाळी आधी माणसाचा खांदा मळतात. उघड्या खांद्यावर काव लावलेलं जू घेऊन बैलाचा धनी वेशीपासून मधल्या वळणापर्यंत जातो, आणि पहिला नंबर पाटलांच्या घरचा. डाग तुटक पडला तर जू आधी तासायचं. तोवर त्या धन्यानं बैलाला जेवायचं आवतण द्यायचं नाही.

मध्यंतरी कुणा पैसेवाल्यानं वळणावर कोंडाईचं देऊळ बांधून द्यायचं म्हटलं. संगमरवरी मूर्ती, हातात जू. गावच्या म्हाताऱ्या काठ्या टेकत चावडीवर गेल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "नगं बाबा. देऊळ झालं की जू पुन्हा आत जाईल."