बांगडीचा ओरखडा

वाद्यं आपसांत बोलत असत, त्या काळची गोष्ट. मिरजेत दस्तगीरचाचांच्या दुरुस्तीच्या दुकानात एक इलेक्ट्रिक गिटार तारा बदलायला आली. होती नवीकोरी, पण घाट जुना. डोक्यावर एका बड्या वादकाची सोनेरी सही, पोटात आजची यंत्रणा, आणि अंगावरचा रंग कारखान्यातच घासून जुनाट केलेला.

"माझे ओरखडे बघा," ती कोपऱ्यातल्या तंबोऱ्याला म्हणाली. "साठ वर्षं वाजल्यासारखी दिसते की नाही?"

"दिसतेस खरी," तंबोरा म्हणाला. "कुणाच्या हातचे गं हे?"

गिटारीला एकही नाव सांगता येईना. ते तिच्या मनाला फार लागलं.

संध्याकाळी तिची मालकीण मालन तिला घरी घेऊन गेली. धाकट्या बहिणीची, सुलूची हळद होती. कासाराने सकाळीच घरातल्या बायकांना हिरवा चुडा भरला होता, आणि लग्न लागेपर्यंत तो उतरवायचा नव्हता. मालनने हातभर बांगड्यांनिशीच गिटार गळ्यात घातली. तारांबरोबर बांगड्याही वाजू लागल्या. गुडघे धरून बसलेल्या आत्याबाईसुद्धा उठून नाचल्या. गिटार आधी जरा अंग चोरत होती, मग तिला कशाचंच भान उरलं नाही.

आठवड्याने तार तुटली म्हणून ती पुन्हा दुकानात आली.

"मालनबेटा, हा नवा ओरखडा पॉलिशने घालवू का?" चाचांनी विचारलं.

"राहू द्या, चाचा."

तंबोऱ्याने तोंड उघडायच्या आत गिटार म्हणाली, "हा मालनच्या बांगड्यांचा, सुलूच्या हळदीतला. बाकीचे अजून व्हायचेत."