उंच झालेली जीप

गाड्या आपसात बोलत, तेव्हाची ही गोष्ट आहे. यशवंताच्या घरी बावीस वर्षांची एक जीप होती. दर रविवारी यशवंताचे वडील, आबा, तिच्यात पुढे बसून ओढ्यापलीकडे बहिणीला भेटायला जात. ओढ्यातल्या दगडांना जीपचं पोट घासे आणि आबा म्हणत, "हळू रे, तिला लागतंय."

म्हणून यशवंताने तिचे चाकांवरचे जुने स्प्रिंगचे पाटे काढून उंच पाटे बसवले आणि मोठी चाकं घातली. जीप चांगली वीतभर उंच झाली.

"बघा माझा रुबाब," ती अंगणात पडलेल्या जुन्या पाट्यांना म्हणाली.

"बघतोय गं," पाटे म्हणाले. "पण आम्ही वाकत वाकत तुला खाली आणली होती. आबांचा पाय उचलेल, तेवढीच."

"जळता मेल्यांनो!" जीप हसली.

रविवारी आबा धुतलेलं धोतर नेसून आले. त्यांनी पाय उचलला, पण तो पायरीला पोचला नाही. पुन्हा उचलला, तरी पोचला नाही.

"थांबा आबा, मी उचलून बसवतो," यशवंत म्हणाला.

"मी काय पोतं आहे का रे? तू जाऊन ये. वच्छीला सांग, दादा बरा आहे."

जीप निघाली. ओढ्यात तिला एकही दगड लागला नाही. पुढची जागा रिकामी होती. पूर्वी कुंपणाआड जाणारं घर आता तिला वरून दिसत होतं आणि ओट्यावर एकटे बसलेले आबा पार पलीकडच्या चढापर्यंत दिसत राहिले.