शेपटीखालची गाठ

"शेपटीखाली बोट घातलं होतंस?"

ऋत्विज सामकला हा प्रश्नच आवडला नाही. वेंगुर्ल्याहून एवढ्या लांब तो पेशंट घेऊन आपल्या जुन्या गुरूकडे आला होता, आणि म्हाताऱ्या धामणस्कर सरांनी फायलीला हातसुद्धा लावला नव्हता.

टेबलावर बंडू पडला होता. म्हातारा गावठी कुत्रा, नुसती हाडं उरलेली. त्याच्या मालकीणबाई, प्रमिलाबाई, बाहेर बाकावर बसल्या होत्या.

"सर, आधी रिपोर्ट तर बघा. सारखं पाणी पितो, सारखा मुततो, जेवण सोडलंय. रक्तातलं कॅल्शियम चढलेलं. पुन्हा तपासलं, तरी तेच. कॅल्शियम चढवणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथीचं हार्मोन मुंबईला पाठवून मोजलं, ते कमी. म्हणजे ग्रंथी निर्दोष. कॅल्शियम बाहेरूनच आलं."

"कुठून?"

"बाईंनी पाजलं. हाडं बळकट व्हावीत म्हणून रोज टॉनिक देत होत्या. मी स्पष्टच सांगितलं, तुम्ही आपल्या हातानं याला मारताय."

हे सांगताना पठ्ठ्याचा आवाज चांगला खणखणीत होता. कॉलेजात कायम पहिला आलेला. कारण सापडलं की त्याला आजारच बरा झाल्यासारखं वाटायचं.

"टॉनिक बंद केलंस. मग?"

"सलाईन लावलं. कॅल्शियम उतरलं."

"आणि?"

"...परत चढलं."

"मग काय केलंस?"

"मला वाटलं, बाई अजून चोरून पाजतायत. जरा चांगलंच सुनावलं त्यांना."

सरांनी खोक्यातून एक हातमोजा काढला, त्याच्या बोटाला व्हॅसलीन लावलं आणि तो ऋत्विजसमोर धरला.

"सर, तिथं काय असणार आहे? तक्रार तर..."

सर हातमोजा धरून उभेच राहिले. शेवटी ऋत्विजनं तो चढवला आणि तोंड वाकडं करत बंडूची शेपटी उचलली.

बोट आत गेलं आणि थांबलं. एका बाजूला सुपारीएवढं काहीतरी, टणक.

"सर... गाठ आहे."

"हं. असली गाठ हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतते. चमचाभर टॉनिकानं एवढं चढत नाही."

पण ऋत्विज हुशार माणूस, लगेच वाट शोधायला लागला.

"काढून टाकू. उद्याच ऑपरेशन करू."

सरांनी सोनोग्राफीचं यंत्र बंडूच्या पोटावर फिरवलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. पाठीच्या कण्याखाली गाठींची रांग होती. ऋत्विजला ती नीट वाचता येत होती, हेच वाईट होतं.

"पहिल्यांदा आला तेव्हा काढता आली असती. आता पसरली. कॅल्शियमनं मूत्रपिंडंही खाल्ली."

बंडूनं मान उचलून दाराकडे बघितलं आणि परत टाकली.

"याला भरवतं कोण, माहीत आहे?"

"बाईच ना?"

"शेजारीण. बाई त्याच्या ताटलीला हात लावत नाहीत. मघाशी बाहेर मला म्हणाल्या, माझ्या हातात विष आहे, डॉक्टर म्हणाले. आणि हा दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही."

ऋत्विजनं हातमोजा काढायला घेतला. तो बोटांना चिकटून बसला, निघता निघेना. त्याला आपलीच किळस आली.

"मी जातो सर, बाईंना सांगतो. तुमची चूक नव्हती म्हणून. निदान त्यांचा जीव तरी हलका होईल."

"सांग."

तो दारापर्यंत गेला.

"ऋत्विज... त्या विचारतील, मग कुणाची? तेव्हा तिथून हलू नकोस."