रिकाम्या हातांची बाव

बंदरामागच्या उतारावर ही गोडी बाव आहे. बाव म्हणजे विहीर. वर्षातून एकदा, माघी पुनवेला, सोनवेळची नगरपालिका गावाचे नळ खुशाल बंद ठेवते आणि बाया या बावीवर येतात. येताना मात्र घागर, कळशी, साधा तांब्याही आणायचा नाही. पाहुणे हसतात. नळाला पाणी नाही आणि विहिरीवर रिकाम्या हातांनी?

सोनवेळला पहिलेपणाचा भारी सोस. किनाऱ्यावरचा पहिला दीपस्तंभ आमचा, पहिलं टपाल आमचं, असं इथलं शेंबडं पोरही ऐकवतं. घरोघरचे नळही म्हणे पहिल्यांदा इथेच आले. त्या दिवशी धक्क्यावर तोफा उडाल्या, साखर वाटली.

त्याआधी या बावीवर भिवरा नावाची बाई रहाटानं पाणी शेंदून देई. मागेपुढे तिला कुणी नव्हतं. पाण्याला येणारी प्रत्येकजण तिची विचारपूस करी, सासूची कागाळी सांगे, हाच तिचा संसार. नळ आले आणि बावीकडची वाट गवतानं बुजली. भिवरा उजाडता रहाटापाशी बसे आणि दिवस मावळला की एक शब्द न बोलता उठे. शेवटी तिला स्वतःचाच आवाज परका वाटू लागला, असं सांगतात.

मग माघी पुनवेला तिनं देवीला गाऱ्हाणं घातलं, "आई भगवती, बायांना येकदा माज्या बावीवर धाड गो."

देवीनं ऐकलं. त्याच सकाळी सगळे नळ कोरडे पडले. बाया घागरी घेऊन धावल्या. भिवराचं काळीज सुपाएवढं झालं म्हणे. पण बाया चिडलेल्या, घाईत.

"माजी आदी भर गो, आत्ये!"

"पोरां तानेली हायत, हात उचल!"

तळहात सोलले तरी ती शेंदत राहिली, एकेकीच्या तोंडाकडे बघत. दुपारी नळ सुटल्याची आरोळी आली आणि सगळ्या पांगल्या. तिची चौकशी कुणी केलीच नाही. देवीकडे काय मागायचं, तेच बिचारीचं चुकलं होतं.

शेवंता नावाची एक सून घरी जेवायला बसली आणि पहिल्याच घासाला तिच्या ध्यानात आलं. आत्येला काहीच विचारलं नाही आपण! ती तशीच रिकाम्या हातांनी धावत आली. रहाट अजून फिरत होता. भिवरा नव्हती. ती पुन्हा कुणालाच दिसली नाही.

आजही माघी पुनवेला शेवंताच्या घरची थोरली सून बावीत वाकून विचारते, "आत्ये, बरी हायस ना गो?" उत्तर आल्याशिवाय दिवसाउजेडी कुणी उठायचं नाही, असा इथला दंडक आहे. उत्तर येत नाही. म्हणून तिन्हीसांजेपर्यंत बाया भिवराजवळ बसून राहतात.