झाडामागचं पातेलं

शिरवलीच्या खोतांचं औदार्य मोठं. मे महिन्यात सुट्टीला आलेल्या सगळ्या पाहुण्यांना ते बागेत जेवू घालत. फणसाची भाजी, घावणे आणि आंबट रायवळाचा रस. स्वतःपुरता हापूसचा रस तेवढा झाडामागच्या पातेल्यात असे.

कुणी तोंड वाकडं केलं की खोत म्हणत, “रस गोडच आहे. ज्याला आंबट लागतो, त्याची जीभ बिघडलेली.”

यंदा वाढायला येसूकाकू होत्या. पातेलं त्यांनी आधीच हेरलं होतं. खोत पानावर बसताच काकूंनी आग्रहानं त्यांना पाहुण्यांचाच रस वाढला. एका घोटात खोतांचे डोळे मिटले.

“काकू, हा आंबट आहे.”

“अरेरे, तुमचीही जीभ बिघडली म्हणायची,” काकू हळहळल्या. “मग झाडामागचा हापूस तुमच्यावर कशाला वाया घालवू? पंगतीत वाढते.”