फुली मारलेलं नाव

“मग मला का नाही ओळखत ती? सांगा ना आक्का! सत्तेचाळीस वर्षं संसार केलाय आम्ही.”

पुढ्यात तांदळाची परात होती. राहीआक्का खडे वेचत होत्या.

डोंगरावरच्या आमच्या या लहानशा मठात लोक आक्कांकडे अडीअडचण घेऊन येतात. आक्का अंगारा देत नाहीत, ताईत देत नाहीत. ऐकून घेतात आणि वाटलं तर एखादं वाक्य बोलतात. पुष्कळदा तेही नाही. मी इथला आचारी. चूल आणि ओसरी यांच्यात एक कुडाची भिंत आहे, त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर पडतंच.

त्या दुपारी आलेले गृहस्थ म्हणजे खडके सर. तालुक्याच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. पायऱ्या चढून आले, दम खात माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “सटवाजी लोखंडे. सातवी ब. हजेरी क्रमांक एकोणतीस. अपूर्णांकात कायम गोंधळ.”

एकतीस वर्षं झाली त्याला! मला स्वतःला माझा हजेरी क्रमांक आठवत नव्हता. छडी मात्र आठवली. सरांची छडी विसरलेला माणूस आमच्या तालुक्यात सापडायचा नाही.

“पोरं झाली, नातवंडं झाली,” सर पुढे बोलत होते. “दुखणी-खुपणी काढली एकमेकांची. आणि आता म्हणते, तुम्ही कोण? घरात कसे आलात? पदर ओढून भिंतीला चिकटून बसते हो. माझ्याच घरात मी चोर!”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली विसरायला लागून. आधी किल्ल्या, मग मुलांची नावं. दिवाळीपासून मी.”

“आणि जेवण?”



“तेच सांगायला आलोय,” सर म्हणाले. “चार दिवस झाले. पाणी पिते, बस्स. अन्नाचा कण नाही पोटात. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर दवाखान्यात ठेवा, नाकातून नळी घालू. मुलगा म्हणतो, नंतर कुठल्यातरी संस्थेतच ठेवू, बाबा, तुम्हाला झेपत नाही. तिथं गेली की संपलं आक्का. ती काही परत यायची नाही.”

आवाज कापला त्यांचा. मी विळी बाजूला ठेवली. या माणसाचा आवाज कापू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

“कुणाच्याच हातचं खात नाही?” आक्कांनी विचारलं.

“शेजारच्या इंदूबाई भरवायला तयार आहेत. त्यांच्या हातचं खाईलही कदाचित.”

“मग?”

“मग काय! मीच नको म्हटलं. असं कुणीही भरवायला लागलं, तर ती मला ओळखणार कधी?”

आक्कांनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात थांबला होता.

“तुम्ही कसं भरवता?”

सर सावरून बसले. आता त्यांना त्यांच्या विषयातलं विचारलं होतं.

“पद्धतशीर. मी सगळा अभ्यास केलाय या रोगाचा. मेंदूला सवय लावावी लागते. रोज सकाळी पाटी घेऊन बसतो तिच्यापुढे. पहिला प्रश्न, तुझं नाव काय? दुसरा प्रश्न, मी कोण? चार दिवसांपासून नियम केलाय, दोन्ही उत्तरं बरोबर आली की घास.”

“आणि नाही आली तर?”

“पुन्हा विचारतो.”

“पुन्हा नाही आली तर?”

“…थांबतो. दुपारी परत घेतो.”

चुलीवर डाळ उतू जायला आली होती, मी धावलो. परत आलो तरी दोघं तशीच बसलेली.

“तिला वाईट वागवत नाही मी,” सर म्हणाले. कुणी काही म्हटलं नव्हतं तरी म्हणाले. “हात उगारत नाही, ओरडत नाही. वेणीसुद्धा मीच घालतो तिची. यूट्यूबवर बघून शिकलो. माझा जीव आहे हो तिच्यावर. ती मेली तर एक वेळ सोसेन. पण मला न ओळखता गेली, तर मी कोण होतो मग? सत्तेचाळीस वर्षं कुणाचा कोण होतो मी?”

हे बोलताना त्यांनी डोळे पुसले नाहीत. गालावरून खाली येऊ दिलं सगळं.

मला वाटलं, आता आक्का धीर देतील. आक्कांनी परात त्यांच्याकडे सरकवली. हाताने तांदूळ सारखे केले.

“नाव लिहा तिचं,” त्या म्हणाल्या.

सरांना लगेच उमगलं. आपल्याकडे लग्नात नवरदेव तबकातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितो, तसं. त्यांनी शर्टाची बाही वर केली, तर्जनी टेकवली आणि लिहिलं. मृणालिनी. काय अक्षर होतं! वेलांट्या एका मापाच्या. सातवी बच्या फळ्यावर असायचं, अगदी तसंच.

“छान आहे,” आक्का म्हणाल्या. “कुणी ठेवलं?”

“मीच. लग्नात. तेव्हा तालुक्यात या नावाची दुसरी बाई नव्हती.” एवढ्या दुःखातही सरांची मान जराशी ताठ झाली. “आमच्या मंडळींना उच्चारसुद्धा जमायचा नाही. सगळ्यांकडून घटवून घेतला मी. बजावूनच ठेवलं होतं, जुन्या नावाने कुणी हाक मारायची नाही.”

“जुनं कुठलं?”

“अं?”

“आईबापाने ठेवलेलं.”

सरांनी बोट उचललं. नव्या नावाच्या खाली रिकामी जागा होती. त्या जागेवर बोट नेलं…

बोट तसंच राहिलं.

आक्का परातीच्या कडेचे खडे वेचू लागल्या. एक. दोन. त्यांना कसलीच घाई नव्हती.

“गावठी होतं काहीतरी,” सर म्हणाले. “माहेरी सगळे तिला बाईच म्हणायचे. नावाने हाक मारायची ती फक्त तिची आई. ती दुसऱ्याच वर्षी गेली.”

“हं.”

“पत्रिकेवर छापलेलं होतं. पत्रिका वाळवीने खाल्ली.”

“हं.”

“तीन अक्षरी होतं… का चार?”

माझा हजेरी क्रमांक एकतीस वर्षांनी पायरीवर उभं राहून सांगणारा माणूस! माझ्याही मागच्यापुढच्यांचे सांगितले असते त्यांनी, विचारलं असतं तर. त्याचं बोट तांदळावर अडलं होतं आणि खाली एक अक्षर उमटत नव्हतं. खोटं कशाला सांगू, लहानपणी या माणसाची अशी फजिती व्हावी म्हणून मी मारुतीला नवस बोललो होतो. आज ती डोळ्यांदेखत झाली आणि मला बघवेना. मी चुलीकडे तोंड केलं.

“पाटी घेऊन बसता ना रोज?” आक्कांचा आवाज ऐकू आला. “पहिला प्रश्न. तुझं नाव काय? ती काहीच सांगत नाही?”

“सांगते ना.”

“काय सांगते?”

“चुकीचं सांगते.”

“काय?”

“चुकीचं म्हणजे… मृणालिनी नाही म्हणत. दुसरंच काहीतरी म्हणते. रोज तेच. मी पाटीवर फुली मारतो आणि…”



मागल्या अंगणात मठाची गाय हंबरली, तिला पाणी दाखवायची वेळ झाली होती. मी उठलो नाही.

“रोज सांगते ती,” सर अगदी हळू म्हणाले. “सकाळ-दुपार सांगते. समोर बसून सांगते हो. आणि मी… मी ऐकलंच नाही, आक्का. उत्तर चूक, एवढंच ऐकलं. पहिलं अक्षरसुद्धा आठवत नाही मला.”

आणि मग ते रडले. गुडघ्यात डोकं घालून, लहान मूल रडतं तसे रडले. आक्कांनी त्यांना रडू दिलं. पाठीवरून हात फिरवला नाही, पाणी आणायला मला सांगितलं नाही. मला राग आला त्यांचा. म्हातारा माणूस, भर उन्हात डोंगर चढून आलेला, एक शब्द गोड बोलायला काय जातं? पण आक्कांना सांगणार कोण!

रडणं ओसरल्यावर आक्का बोलल्या.

“मला तीन नावं झाली, गुरुजी. एक आईने ठेवलं. एक सासरी मिळालं. सासरच्यांनी टाकलं तेव्हा ते तिथंच राहिलं. राही हे मठातलं. या नावाने लोक पाया पडतात.”

सर ऐकत होते.

“आईने ठेवलेल्या नावाने हाक मारणारं आता कुणी नाही. तीस वर्षं झाली असतील ऐकून. मधूनच एखाद्या दुपारी वाटतं, कुणीतरी मारावी. जेवायला ये म्हणून मारतात ना, तशी.”

बावीस वर्षं मी आक्कांसाठी रांधतो आहे. ते पहिलं नाव काय, हे मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही. त्या दिवशी तोंडाशी आलं होतं, पण सरांसमोर कसं विचारायचं? नंतर विचारू म्हटलं. ते नंतर काही आलं नाही. पुढच्या संक्रांतीला आक्का गेल्या.

पण ते असो. मी सरांचं सांगत होतो.

सरांनी उपरण्याने तोंड पुसलं. परातीतलं ते सुंदर अक्षर अजून तसंच होतं. ते मोडावं की ठेवावं, हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी मीच परात उचलली, कारण आधण आलं होतं. तांदूळ धुवून वैरले.

“जातो,” सर उठत म्हणाले. “पाटी फेकून देतो आधी. आजच्या आज विचारतो तिला. नीट ऐकतो. ती सांगेल त्या नावाने हाक मारतो.”

“बरं.”

“मग खाईल ना?”

आक्का खाली सांडलेले तांदळाचे दाणे वेचू लागल्या.

“डॉक्टर म्हणाले उद्यापर्यंत… म्हणजे संध्याकाळीच बघायला हवं. पिठलं आवडतं तिला. पिठलं करतो. इंदूबाईंना विचारून करतो.”

पायरीपाशी जाऊन त्यांनी वहाणा घातल्या. एक पायरी उतरले, तिथंच थांबले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. मला सातवी बमधल्या आमच्याच चेहऱ्यांची आठवण झाली, उत्तर येत नसलं की असेच व्हायचे ते.

“पण आक्का, ती त्या नावाची होती, तेव्हा तिचं लग्न झालेलं नव्हतं.”

“नव्हतं.”

“तेव्हा तिच्या लेखी मी नव्हतोच कुठं. ना शाळेत, ना गावात.”

“नव्हतात.”

सर तिथंच उभे राहिले. एका हाताने कठडा धरला होता. खाली गावाकडे बघत त्यांनी विचारलं, आणि ते असं विचारलं की मला पातेल्यावर झाकण ठेवायचंही भान राहिलं नाही.

“मी तिला नावाने हाक मारीन. ती माझ्याकडे बघेल. आणि विचारेल, तुम्ही कोण? रोज विचारते, आजही विचारणारच. नवरा म्हटलं की भिंतीला चिकटते… मग मी काय सांगू, आक्का? कोण आहे म्हणून सांगू मी तिला?”

आक्कांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“म्हणा, जेवण घेऊन आलोय.”